सहा मीटर वायर

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, सीटकव्हरं आणि हॉर्न टांगलेल्या दुकानांत
मी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला:
रात्री मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो का?
छेडाशेठ म्हणाले, मॅडम, पुढचा टू-के, मागचा फुल एचडी,
नंबर काय, ड्रायव्हरची मिशी मोजा.
मग आवाज उतरवून:
हेडलाइट तोंडावर आला तर नाही दिसणार. खरं सांगतो.
त्या खऱ्यासाठी मी तिथेच घेतला.
बॅटरीवाला नको, कपॅसिटरवाला न्या, म्हणाले,
गाडी उन्हात उभी असते ना तुमची,
मे महिन्यात बॅटरी पुरीसारखी फुगते.

बाबांना सांगितलं, तुमच्या बाजूने एक साक्षीदार हवा.
अमर महालच्या सिग्नलला एक बाइकवाला मागून घासून गेला,
पडला, उठला, आणि आधी तोच ओरडला.
पाच मिनिटांत पंधरा जण. सगळ्यांनी पाहिलेलं.
बाबांनी चार हजार मोजून दिले.
घरी आल्यावर म्हणाले, माझी चूक नव्हती.
जेवताना म्हणाले, माझी चूक नव्हती.
झोपायच्या आधी म्हणाले, माझी चूक नव्हती ना?

त्या 'ना'साठी मी कॅमेरा घेतला.
हे त्यांना सांगितलेलं नाही.
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गाडी चालवावी का
हे तोंडावर विचारण्यापेक्षा
आठ हजार सातशे रुपये स्वस्त पडतात.

मुनाफने काच दोनदा पुसली, आरशामागे पट्टी दाबून धरली,
आणि छताच्या कापडाखालून वायर सरकवत नेली,
आई परकराच्या नेफ्यातून नाडी ओवायची तशी,
बाहेरून बोटाने चाचपत, कुठवर आली, कुठवर आली.
डिकीच्या दारापाशी रबरी नळीत ती अडकली.
त्याने साबणाचं पाणी लावलं, एक शिवी दिली, निघाली.
सहा मीटर, आणि बाहेर एक इंचसुद्धा दिसत नाही.
डाव्या सीटवरची उशी काढू का, त्याने विचारलं.
बाबा म्हणाले, राहू दे.

कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं, मुनाफने समजावलं,
धक्का बसला तर तेवढंच जपून ठेवतो.

रविवारी ते झोपलेले असताना कार्ड काढलं.
चोरासारखी बघत बसले.
बॉनेट, रस्ता, पुन्हा रस्ता.
ब्रेक वेळेवर. लेन सरळ. शाळेपाशी वेग कमी.
माझ्यापेक्षा बरे चालवतात.
आवाज बंद करायचा राहिला होता.
डायमंड गार्डनच्या वळणावर, रिकाम्या गाडीत, बाबा म्हणाले,
पमे, बघ गं, येतंय का?
मग फक्त इंडिकेटर. टिक, टिक. मी अकरा मोजले.
मागच्या कॅमेऱ्यात एक टेम्पो, हॉर्नवर हॉर्न.
मग गाडी डावीकडे वळली.

आईला गाडी येत नव्हती.
चाळीस वर्षं तीच आमचा डावा आरसा.
अहो, रिक्षा आहे. थांबा. हं, चला आता.

सेटिंगमध्ये आवाजाचं बटण सापडलं.
बोट ठेवलं, उचललं.
त्या वळणावर धक्का बसला नव्हता, निदान मशीनच्या मते.
आठवडाभरात त्यावर दुसरा रस्ता चढेल.
कॉपी करून ठेवावं का, अजून ठरत नाही.
कार्ड होतं तिथे घातलं.

काल दवाखान्यात जाताना मी डाव्या सीटवर बसले,
पाठीशी उशी, तिच्या मापाची, मला टोचणारी.
डायमंड गार्डन आलं.
बाबा, रिक्षा आहे. थांबा.
दिसतेय मला, ते म्हणाले, आणि छोट्या पडद्यावर बोट ठेवून
मागच्या गाडीचा नंबर मला वाचून दाखवला,
चारही आकडे, चष्म्याशिवाय.

रिक्षा गेली.
रस्ता मोकळा झाला. गाडी हलेना.
टिक, टिक.
उशिराच लक्षात आलं माझ्या.
हं, मी म्हटलं. चला आता.